जाऊन येते

डीव्हीडीच्या पाठीवर खालच्या कोपऱ्यात एक छोटी चौकट असते. चित्रपट किती मिनिटांचा, रंगीत की कृष्णधवल, आवाज कोणत्या भाषेत, सबटायटल्स कोणत्या भाषेत. टोकियोतल्या पहिल्या हिवाळ्यात जपानी लिपीतली जी चिन्हं मी आधी ओळखायला शिकले, ती स्टेशनांच्या पाट्यांवरची नव्हती, या चौकटीतली होती. सबटायटलला जपानीत 'जिमाकु' म्हणतात. दोन चिन्हांचा शब्द आहे. पहिल्याचा अर्थ अक्षर, दुसऱ्याचा पडदा. त्याच्यापुढं 'एइगो', म्हणजे इंग्रजी, असं लिहिलंय का, एवढंच मला बघायचं असायचं.

2012 साली कामानिमित्त मी तिकडं गेले आणि चार वर्षं राहिले. निशी-कासाई भागात घर होतं, जिथं आपली बरीच मंडळी राहतात. ऑफिस सुटलं की स्टेशनजवळच्या डीव्हीडी भाड्यानं देणाऱ्या दुकानात जायचे. ओझू, मिझोगुची, नारुसे, कुरोसावा, जपानचे जुने नावाजलेले दिग्दर्शक. मुंबईत ज्यांच्या एकेका चित्रपटासाठी महिनोन्‌महिने वाट पाहिली, ते सगळे तिथं एका फळीवर ओळीनं उभे होते. एक काढायचा, उलटा करायचा, चौकट बघायची, परत जागेवर ठेवायचा. पुढचा. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी जपानी सबटायटल्स काहींवर असायची. इंग्रजी नसायची. शेजारच्या फळीवर फ्रेंच, इटालियन, इराणी, कोरियन चित्रपट होते, त्यांच्याही चौकटीत जपानीच. दुकानातल्या मुलीला मी पाठ केलेलं वाक्य म्हणून दाखवायचे, "एइगो जिमाकु आरिमासु का?" ती मनापासून शोधायची. संगणकात बघायची, फळीपाशी यायची, माझ्याबरोबर खाली वाकून डब्या उलट्या करायची. शेवटी दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करायचो आणि मी रिकाम्या हातानं घरी.

ज्या शहरात ते चित्रपट बनले, त्या शहरात ते मला बंद होते. दादरला, आमच्या फिल्म सोसायटीच्या खेळांना, उघडे होते.

याचं कारण कळायला मला थोडा वेळ लागला, पण कळल्यावर राग गेला. चित्रपट देशागणिक विकला जातो. त्याचं इंग्रजी भाषांतर परदेशी खरेदीदारांसाठी, महोत्सवांसाठी केलेलं असतं, आणि ज्याच्याकडं ज्या देशाचे हक्क, त्यानं त्या देशाच्या भाषेत तो दाखवायचा. जपानी माणसाला जपानी चित्रपट बघायला इंग्रजी कशाला लागेल? फ्रेंच चित्रपटाखाली त्याला जपानी हवी, तीही तिथले अनुवादक फार निगुतीनं लिहितात. एका सेकंदाला चार अक्षरं, असा त्यांचा जुना हिशेब आहे. स्ट्रीमिंग आलं तरी हे बदललेलं नाही. तोच चित्रपट एका देशात इंग्रजी सबटायटल्ससह असतो, विमानातून उतरून दुसऱ्या देशात तोच उघडला की ती नाहीशी झालेली असतात.

आपल्याकडचं वेगळं आहे. आपल्याकडं इंग्रजी सबटायटल ही घरातल्या घरात लागणारी वस्तू आहे. मराठी माणसाला मल्याळी चित्रपट बघायचा तर ती लागते, बंगाल्याला मराठी बघायचा तर लागते. म्हणून मला कधी वाटलंच नव्हतं की ती कोणाची तरी परकी गरज आहे. नळाला पाणी यावं तशी ती पडद्याखाली येते, असं मी धरून चालले होते.

मी फिल्म सोसायटीत वाढलेली मुलगी. रुईयात शिकत असताना प्रभात चित्र मंडळाची सभासद झाले. 1968 साली सुरू झालेली ही संस्था, 'वास्तव रूपवाणी' हे तिचं नियतकालिक. कधी प्रभादेवी, कधी यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठान, जिथं खेळ असेल तिथं आम्ही जायचो. वकिलातींकडून, पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडून आलेल्या प्रिंट असत. तेव्हा सबटायटल फिल्मवरच कोरलेलं असे, त्यामुळं एक प्रिंट एकाच भाषेची. अक्षरं पांढरी. पात्रानं पांढरा सदरा घातला किंवा बाहेर बर्फ पडला की अर्धं वाक्य विरघळून जायचं. मग मध्यंतरात किंवा नंतर चहाच्या टपरीवर त्या हरवलेल्या वाक्यांची जुळवाजुळव चालायची. 'ती बर्फात काय म्हणाली?' यावर आम्ही प्रभादेवीहून दादर स्टेशनपर्यंत चालत भांडलो आहोत. आजही एखाद्या चित्रपटाचं नाव घेतलं की मला आधी त्यातलं न वाचता आलेलं वाक्य आठवतं.

पण सबटायटल वाचायला मी शिकले ते त्याच्याही आधी, गिरगावात, आजीसाठी.

चाळीतली दोन खोल्यांची आमची जागा, आणि रविवारची दुपार. दूरदर्शनवर रविवारी दुपारी प्रादेशिक भाषेतला चित्रपट लागायचा. बंगाली, असमिया, ओडिया, कन्नड, मल्याळम, बहुतेक पुरस्कार मिळालेले, खाली इंग्रजी सबटायटल्स. माशाचं जेवण झालेलं, घर झोपलेलं. आजीला मात्र दुपारची झोप नव्हती. ती राजापूरकडची, शाळा चौथीपर्यंत. मराठी खडाखडा वाचायची, इंग्रजीचं एक अक्षर नाही. निवडायच्या तांदळाचं सूप मांडीवर घेऊन ती टीव्हीसमोर बसायची आणि मला शेजारी बसवायची. मी सातवीत होते. मराठी शाळेत तेव्हा इंग्रजी पाचवीपासून, म्हणजे माझं इंग्रजीचं हे तिसरं वर्ष. पडद्यावरची ओळ पुरी वाचून व्हायच्या आत पुसली जायची. जेवढं हाती लागे तेवढं मराठीत सांगायचं, उरलेलं पात्रांच्या तोंडाकडं बघून भरायचं. आजी मधूनमधून विचारायची, "पुढं काय म्हणाली ती?"

एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. चित्रपट बंगाली होता. पावसाळी अंगण, एक बाई दारात उभी, हातात गाठोडं. ती काहीतरी म्हणते आणि उंबरा ओलांडते. खाली ओळ आली, 'आय ॲम गोइंग'. एवढं इंग्रजी मला नक्की येत होतं.

"म्हणतेय, मी जाते," मी सांगितलं.

आजीचा हात सुपात थांबला. "जाते कशी म्हणेल? घरातून निघताना बाईमाणूस 'जाते' म्हणतं होय? 'येते' म्हणाली असेल. नीट वाच गो."

मी नीटच वाचलं होतं. पण आजीपुढं पडद्याचं काही चालेना. पुढच्या रविवारपासून कोणीही घराबाहेर पडलं, खाली काहीही लिहिलेलं असलं, तरी मी सांगायचे, "येते म्हणतेय." आजी समाधानानं मान हलवायची आणि कधी कधी पडद्याकडं बघून पुटपुटायची, "ये बाय."

आजी 2001 साली गेली. ते वाक्य माझ्याबरोबर टोकियोला आलं, हे मला तिथं कळलं.

पहिलं वर्ष शोधण्यात गेलं. ऑक्टोबरात टोकियो आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरतो. तेव्हा तो रोप्पोंगीला भरायचा. तिथं जपानी चित्रपटांखाली इंग्रजी असे, कारण परदेशी पाहुणे आलेले असत. मी नऊ दिवसांची सुट्टी मागून घेतली होती. वर्षभर उपाशी राहिलेल्या माणसासारखे मी रोज तीन-तीन चित्रपट पाहिले. नोव्हेंबरअखेरीस 'फिल्मेक्स' हा दुसरा महोत्सव, तिथंही मिळायची. एरवी उरलेले अकरा महिने.

मग मी लॅपटॉपकडं वळले. जपानी डीव्हीडी भाड्यानं आणायची, आणि कोणीतरी हौसेनं बनवलेली इंग्रजी सबटायटल्सची फाइल तिच्यावर लावायची. अशी फाइल कधी उघडून पाहिली आहे का? नुसता मजकूर असतो. ओळीचा क्रमांक, ती कोणत्या क्षणी उमटेल आणि कोणत्या क्षणी पुसली जाईल ते सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत, आणि खाली संवाद. एका चित्रपटात अशा हजारेक नोंदी. ते बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की हे कुठल्यातरी घरात, कुठल्यातरी रात्री, एका माणसानं एकेक वाक्य थांबवून ऐकून लिहिलेलं आहे. पण ही फाइल बहुतेक वेळा दुसऱ्या देशातल्या डिस्कवरून बनवलेली असायची. युरोपातल्या डीव्हीडीवर चित्रपट सेकंदाला 25 चित्रांच्या, म्हणजे फ्रेम्सच्या, गतीनं धावतो, जपानी डीव्हीडीवर 24 च्या गतीनं. फरक चार टक्क्यांचा. दोन तासांचा चित्रपट तिकडं पावणेपाच मिनिटं आधी संपतो. म्हणजे सुरुवातीला ओळी बरोबर ओठांवर बसायच्या, अर्ध्या तासानं थोड्या आधी यायला लागायच्या, आणि शेवटाकडं बाप गप्प बसलेला असतानाच त्याच्या रडण्याचे शब्द खाली येऊन गेलेले असायचे. ते मला सहन होईना. मग मी गणित करून प्रत्येक फाइलच्या वेळा ताणायला शिकले.

सगळ्यात विलक्षण वाट दुसरीच निघाली. डीव्हीडीच्या जगात अमेरिका पहिल्या विभागात, जपान दुसऱ्या, भारत पाचव्या. एका विभागाची डिस्क दुसऱ्या विभागाच्या यंत्रावर चालत नाही. डीव्हीडीनंतर ब्लू-रे ही नवी डिस्क आली तेव्हा नकाशा पुन्हा आखला गेला, आणि त्यात जपान आणि अमेरिका दोघंही 'ए' विभागात आले. अमेरिकेत 'क्रायटेरियन' हे प्रकाशन 1984 पासून जगातले जुने उत्तम चित्रपट इंग्रजी सबटायटल्ससह काढत आलं आहे. त्यांची ब्लू-रे माझ्या टोकियोतल्या यंत्रावर चालणार होती! म्हणून लोकलनं तासाभरात जाता येईल अशा गल्लीत चित्रित झालेला चित्रपट मी पॅसिफिक महासागरापलीकडून मागवला. टपाल आलं त्या रात्री जेवले नाही. डिस्क लावली, आणि त्या काळ्या-पांढऱ्या चौकटीखाली इंग्रजी ओळ उमटली. दादरच्या अंधारात बसल्यासारखं वाटलं.

2013 च्या फेब्रुवारीत डोनल्ड रिची टोकियोत वारले. अमेरिकी ताब्याच्या काळात जपानला आलेला हा माणूस आयुष्याचा बहुतेक काळ तिथंच राहिला. 1959 मध्ये जोसेफ अँडरसन यांच्याबरोबर त्यांनी जपानी चित्रपटाचा इतिहास इंग्रजीत लिहिला, आणि कुरोसावांच्या काही चित्रपटांची इंग्रजी सबटायटल्सही लिहिली. मृत्युलेखात हे वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. वीस वर्षांपासून मी जे वाचत आले, त्यातल्या काही ओळी या हातच्या होत्या, आणि मी सहा महिने त्याच शहरात राहत होते. फिल्म सोसायटीत आम्ही दिग्दर्शकाबद्दल बोलायचो, छायालेखकाबद्दल बोलायचो. खालच्या ओळी कोणी लिहिल्या, हा प्रश्न आमच्यापैकी कोणीही कधी विचारला नाही. आजीनं विचारला होता, तिच्या पद्धतीनं.

आणि तरीही, जपानी चित्रपटाचा खरा दरवाजा मला सबटायटल नसलेल्या जागी उघडला.

क्योबाशीला तेव्हाचं नॅशनल फिल्म सेंटर होतं, 2018 पासून तेच जपानचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं. तिथं जुने चित्रपट स्वस्तात दाखवतात. दुपारच्या खेळाला निवृत्त माणसं, टोप्या मांडीवर ठेवून बसलेली. खाली एक अक्षर नाही. मी कथासार वाचून जायचे आणि नुसती बसायचे. वाचायला काही नसलं की डोळे वर जातात. मला पहिल्यांदा माणसं चपला कशी काढतात ते दिसलं, चहाचा पेला दोन्ही हातांनी कसा धरतात ते दिसलं. आणि कान उघडले. भाषेचे सहा महिन्यांचे वर्ग झाले होते, तेवढ्यावर तुकडे हाती लागत होते. एका खेळाला, तिसऱ्यांदा की चौथ्यांदा, मुलगी घरातून निघाली आणि दारातून म्हणाली, "इत्ते किमासु."

हे वाक्य मी रोज ऐकत होते. शेजारचा मुलगा शाळेत जाताना हेच ओरडायचा. वर्गात ते 'निघताना म्हणायचं वाक्य' म्हणून घोकलं होतं. त्या अंधारात ते पहिल्यांदा फोडून ऐकलं. 'इत्ते', जाऊन. 'किमासु', येते. जाऊन येते.

आतून उत्तर आलं, "इत्ते राश्शाइ." जाऊन ये.

ज्या चित्रपटांखाली मी वर्षानुवर्षं 'आय ॲम ऑफ', 'आय ॲम गोइंग', नुसतंच 'बाय' वाचलं होतं, त्या सगळ्यांत त्या मुली 'जाऊन येते' म्हणत होत्या. इंग्रजीचा यात दोष नाही. त्या भाषेत निघताना परत येण्याचं वचन देत नाहीत, मग अनुवादकानं काय करावं? पण माझ्या भाषेत ते आहे. शब्दाला शब्द आहे. मराठी आणि जपानी समोरासमोरच्या दारात उभ्या होत्या, आणि मी इंग्रजीच्या जिन्यानं खाली उतरून, रस्ता ओलांडून, पुन्हा जिना चढून तिकडं जात होते.

मग मला त्या गाठोडंवाल्या बाईची आठवण झाली. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसमधल्या बंगाली सहकाऱ्याला विचारलं, तुमच्याकडं घरातून निघताना काय म्हणतात? तो म्हणाला, "आशि." म्हणजे? "म्हणजे येतो. 'जाई' नाही म्हणत, आई रागावते." शेजारी बसलेला तमिळ मित्र म्हणाला, आमच्याकडं 'पोयिट्टु वरेन', जाऊन येतो. मी उठून गॅलरीत गेले. आजीनं बंगालीचा शब्दही न ऐकता-समजता, इंग्रजी न वाचता, सुपातल्या तांदळावरून नजर वर करून बरोबर भाषांतर केलं होतं. चूक छापलेल्या ओळीत होती.

त्यानंतर मी क्योबाशीला वही घेऊन जाऊ लागले. 'तादाइमा', घरात शिरताना म्हणायचं, शब्दशः 'आत्ताच'. आपलं 'आत्ताच आले'. वाक्याच्या शेवटचा 'ने', अगदी आपला 'ना'. अनोळखी बाईला मावशी, दुकानदाराला काका म्हणणं, जे इंग्रजीत 'मॅडम' आणि 'सर' होऊन बसतं. थोरल्या भावाला नावानं हाक न मारणं. आणि सगळ्यात मोठं म्हणजे वाक्याची चाल. जपानीत क्रियापद शेवटी येतं आणि नकार त्याच्याही शेवटाला चिकटतो. मुलगी वडिलांपुढं बसून बोलते तेव्हा तिचं वाक्य संपेपर्यंत वडिलांना कळत नाही की ती हो म्हणणार की नाही. इंग्रजी सबटायटल मात्र दुसऱ्याच शब्दाला नकार सांगून टाकतं. दादरला आम्हाला सगळ्यांना ते वडिलांच्या आधी कळायचं. त्या दोन क्षणांत वडिलांच्या चेहऱ्यावर जे होतं ते आम्ही, उत्तर माहीत असलेले लोक, चुकीच्या नजरेनं बघत होतो. मराठीत ते धरून ठेवता येतं. 'मला एवढ्यात लग्न करायचं', इथं श्वास, आणि मग 'नाही'.

जिम्बोचो हा टोकियोतला जुन्या पुस्तकांचा भाग. तिथं इवानामी हॉल नावाचं छोटं चित्रपटगृह होतं. तेही 1968 सालचं, आमच्या प्रभातच्या वयाचं. 1974 पासून तिथं जगभरचे निवडक चित्रपट दाखवायला लागले, आणि सुरुवात केली ती सत्यजित राय यांच्या 'अपूर संसार'नं. हे कळल्यावर मी एका शनिवारी गेले. युरोपातला चित्रपट होता, खाली जपानी, मला दोन्ही येत नव्हतं. आजूबाजूला सगळ्या माझ्या आईच्या वयाच्या बायका. मी खुर्चीत बसून चाळीस वर्षांमागचा तो खेळ मनात आणला आणि कोणाच्या तरी 'आशि'खाली 'इत्ते किमासु' लिहून पाहिलं. 2022 च्या जुलैत तो हॉल कायमचा बंद झाल्याची बातमी मी मुंबईत वाचली.

बेन्शींबद्दल सांगायलाच हवं. मूकपटांच्या काळात जपानमध्ये पडद्याशेजारी एक माणूस उभा राहून सगळी पात्रं बोलायचा, गोष्ट सांगायचा, परदेशी चित्रपट असला तर त्याचे रीतिरिवाज समजावायचा. तो बेन्शी. लोक नटाच्या नव्हे, बेन्शीच्या नावावर तिकीट काढायचे. 1931 मध्ये 'मोरोक्को' हा अमेरिकी बोलपट जपानी सबटायटल्स लावून दाखवला गेला, तशी सबटायटल्स असलेला जपानमधला तो पहिला बोलपट. मग बेन्शींची कामं जाऊ लागली. कुरोसावांचे थोरले भाऊ हेइगो बेन्शी होते, आणि बेन्शींच्या संपात ते पुढं होते. 1933 मध्ये त्यांनी आत्महत्या केली. अकिरा तेव्हा 23 वर्षांचे होते. मला जी ओळ पडद्याखाली हवी होती, तिनं एका अख्ख्या जमातीचा आवाज बंद केला होता, हे मला कुठं ठेवावं ते कळेना.

ही कला अगदी मेलेली नाही. एका संध्याकाळी मी तिचा प्रयोग पाहिला. पडद्याच्या डाव्या बाजूला एक वयस्क बाई, समोर छोट्या दिव्याखाली कागद, मागं तीन वादक. त्या बाईनं म्हाताऱ्याचा घोगरा आवाज काढला, लगेच लहान मुलीचा, मग पावसाबद्दल दोन वाक्यं स्वतःच्या आवाजात. माझ्या डोळ्यांपुढं पाट, सूप आणि रविवारची दुपार उभी राहिली.

2016 मध्ये परतले तेव्हा सामानात 31 ब्लू-रे होत्या. दादरच्या घरी नवं यंत्र आणलं, डिस्क घातली, पडद्यावर सूचना आली की ही या विभागात चालणार नाही. ब्लू-रेच्या नकाशात भारत 'सी'मध्ये आहे, हे मी विसरले होते. जपानी चित्रपट, अमेरिकी डिस्क, जपानमध्ये चालली आणि मुंबईत नाही. मग माळ्यावर टाकलेलं टोकियोचं यंत्र उतरवलं. ते 100 व्होल्टवर चालतं, आपल्या भिंतीत 230. लॅमिंग्टन रोडला जाऊन वीज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर आणला. विटेएवढा जड आहे आणि चालू असताना बारीक गुणगुणतो.

पहिल्या रात्री आई येऊन बसली. तिचं इंग्रजी दुकानांच्या पाट्यांपुरतं, आणि तेव्हा मोतीबिंदूचं एका डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. दहा मिनिटांनी ती म्हणाली, "छान आहे गं, तू बघ," आणि आत गेली. मी यंत्र बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही आणली. आता शनिवार-रविवार मी एक चित्रपट घेते, थांबवत थांबवत जपानी ऐकते, अडलं तर इंग्रजी ओळ बघते आणि मराठी लिहिते. छापायला नाही, म्हणून दाखवायला. त्यामुळं ओळीच्या लांबीची चिंता नाही, दमाची आहे. मुलीनं नकार द्यायला जितका वेळ घेतला, तितकाच माझ्या वाक्यानं घ्यायला हवा. 'ओकासान'ला 'आई'च म्हणायचं. काही ठिकाणी कोकणी ढब आपोआप येते. एका चित्रपटाला दोन महिने लागतात.

पहिला पुरा झाला त्या दिवशी आईला खुर्चीत बसवलं, टीव्हीचा आवाज थोडा कमी केला, डाव्या बाजूला स्टूल ओढून टेबललॅम्प वहीवर घेतला. आई भाजी निवडत होती. मी वाचायला लागले. सुरुवातीला आवाज नीट लागेना, मग लागला. वीस मिनिटं झाली असतील. सकाळचं घर, मुलगी दारात बसून चप्पल चढवते, उठते, मागं वळून न बघता म्हणते. वहीकडं बघायची गरज नव्हती.

"येते हं."

पडद्यावरची आई स्वयंपाकघरात होती, तिचं उत्तर यायचं होतं. वहीत ते पुढच्या ओळीवर लिहिलेलं होतं. पण त्याआधी माझ्या आईनं मेथीची काडी मोडली आणि मान वर न करता म्हणाली, "ये गं. छत्री घेतलीस?"